काळे कुंकू

मागच्या पंधरा ऑगस्टला अमळनेरहून पारोळ्याला जाताना वाटेतल्या एका फाट्यावर बस थांबली. पाऊस नुकताच उघडला होता, शेतांकडून ओल्या कपाशीचा वास येत होता, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीला बांधलेला एक नवा फलक वाऱ्याने फडफडत होता. फलकावर तिरंग्याच्या पट्ट्यांच्या मधोमध एक जुने छायाचित्र मोठे करून छापले होते. वेताच्या खुर्चीत बसलेला, डावा हात झोळीत अडकवलेला, फेटा बांधलेला एक तरुण, आणि त्याच्या मागे उभी असलेली एक गोरी परिचारिका. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इंग्लंडच्या राजवाड्यात उपचार घेतलेले आपल्या गावचे वीर सुपुत्र.’ बस सुटली. फलक दिसेनासा होईपर्यंत मी मान वळवून पाहत राहिलो, कारण त्या ओळीतला इंग्लंडचा राजवाडा माझ्या तोंडून गेलेला होता, आणि तो खरा नसल्याचे मला त्याआधी दोन महिने कळून चुकले होते.

ते दोन महिने मी गप्प बसलो होतो.

छायाचित्र घेऊन आलेले आप्पा वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. विकास सोसायटीचे गटसचिव म्हणून तीस वर्षे त्यांनी शेतकऱ्यांची कर्जखाती लिहिली, त्यामुळे त्यांचे प्रत्येक बोलणे वहीत उतरवल्यासारखे मोजके असते. माझ्या वडिलांचा अमळनेरला फोटो स्टुडिओ होता. मी स्वतः शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, तरी स्टुडिओच्या त्या लहानशा खोलीत बसून लोकांची जुनी छायाचित्रे स्कॅन करणे, डाग काढणे, फाटलेले कोपरे जुळवणे एवढे काम मी अजून करतो. आप्पांनी पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरातून ते छायाचित्र काढले आणि माझ्यापुढे न ठेवता आधी स्वतःच्या तळहातावर ठेवले. पोस्टकार्डाच्या आकाराचे, कडांना पिवळसर झालेले, सावलीचा भाग कलत्या उजेडात चांदीसारखा चमकणारे. मागच्या बाजूला मधोमध एक उभी रेघ, डावीकडे मजकुराची आणि उजवीकडे पत्त्याची जागा, दोन्ही कोऱ्या. “हाऊ मन्हा आजा शे,” आप्पा म्हणाले. “आजानं नाव माले माहीत शे. हाई बाई कोन शे, ते तुम्ही सांगा.”

नुकतेच मी ब्रायटनविषयी पुष्कळ वाचले होते आणि ते वाचन डोक्यात ताजे होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात एका राजाने मोगली घुमटांचा एक विहारमहाल बांधून ठेवला होता. १९१४ च्या डिसेंबरात तो फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून उघडण्यात आला आणि १९१६ च्या सुरुवातीपर्यंत चालला. महाल आणि त्याच्या आवारातल्या इमारती मिळून ७२४ खाटा होत्या. जातिधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ, आणि पाट्या उर्दू, हिंदी व गुरुमुखीत. झुंबरांखाली ओळीने मांडलेल्या खाटांची छायाचित्रे काढून त्यांची पोस्टकार्डे मुद्दाम सर्वत्र विकली गेली, म्हणजे हिंदुस्थानातल्या घरांत दिसावे की सरकार आपल्या शिपायांना महालात ठेवते. ती पोस्टकार्डे मी पडद्यावर इतकी पाहिली होती की आप्पांचे पोस्टकार्ड हातात येताच मला तेच दिसू लागले. खुर्चीमागे कमान होती, ती मला महालाची वाटली. परिचारिकेच्या खांद्यांवर काळी, आखूड शाल होती, ती मला इंग्लंडच्या थंडीची वाटली. “आप्पा, हे इंग्लंड आहे,” मी म्हणालो, “ब्रायटनचा राजवाडा. १९१५ साल.”

आप्पांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरू शकत नाही. त्यांनी आधी छायाचित्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा छायाचित्राकडे, आणि खांद्यावरच्या उपरण्याने डोळे टिपले. जाताना दारात थांबून ते म्हणाले, “आजा ते बसरा बसरा करे. शेबा का काय म्हने.” म्हातारी माणसे गावांची नावे एकमेकांत मिसळतात, असे काहीतरी मी उत्तरलो. त्या घरात तीन पिढ्या जपलेले दोन शब्द मी एका वाक्यात बाजूला सारले, आणि तेही पडद्यावर पाहिलेल्या चित्रांच्या भरवशावर.

जूनमध्ये एक तरुण मुलगी पणजीच्या लग्नाचे छायाचित्र घेऊन आली. तिने विचारले, “काका, पणजीने काळं कुंकू का लावलंय?” हाच प्रश्न मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांना विचारला होता. आमच्या घरातल्या भिंतीवरच्या जुन्या तसबिरींत आजीच्या कपाळावर पावलीएवढे काळेभोर कुंकू होते, आणि मला त्याची भीती वाटत असे. त्या रात्री वडिलांनी मला प्रथमच डार्करूममध्ये नेले. दार लावून त्यांनी लाल काचेचा दिवा लावला. हायपोचा तो घशाला लागणारा वास, पाण्याच्या ट्रेमध्ये हलणारा लाल उजेड आणि त्यात वडिलांचे हात तेवढे दिसणारे. कपाटातल्या जुन्या डब्यातून त्यांनी एक काचेची प्लेट काढली आणि सरळ त्या दिव्याखाली धरली. म्हणाले, “हिला लाल रंग दिसत नाही. म्हणून लाल दिव्यात ही झोपून राहते, खराब होत नाही. आणि जे हिला दिसत नाही ते ही काळं काढते. आजीचं कुंकू लालच होतं रे.” निळा रंग मात्र या प्लेटला फार दिसतो, इतका की निळे आकाश पांढरे फटफटीत येते. पुढे सर्व रंग पाहणारी फिल्म आली आणि तिच्यासाठी डार्करूममध्ये दिवाच लावता येईना, पूर्ण अंधारात नुसत्या बोटांनी काम करावे लागे.

त्या मुलीला हेच सर्व सांगता सांगता मी वाक्याच्या मध्येच थांबलो. ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या डोळ्यांपुढे आप्पांच्या पोस्टकार्डातली काळी शाल आली होती.

ती शाल लाल होती.

मुलगी गेल्यावर मी दार लोटून घेतले आणि जपून ठेवलेले स्कॅन उघडले. ज्या दृष्टीने पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते त्या दृष्टीने आता पाहू लागलो. महायुद्धातल्या परिचारिकांची ओळख पटवताना चेहरा शेवटी येतो, आधी येतो तो खांदा. ब्रिटिश सैन्याची नियमित परिचर्या सेवा, क्वीन अलेक्झांड्राज इम्पीरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, १९०२ साली स्थापन झाली. तिच्या परिचारिकांचा पोशाख राखाडी आणि खांद्यांवर आखूड लाल केप असे. त्याच सेवेच्या राखीव दलातल्यांची केप राखाडी, कडेला फक्त लाल पट्टी. टेरिटोरियल दलाची केप निळसर राखाडी, तिलाही लाल काठ, आणि टोकांना चांदीचे टी हे अक्षर. रेडक्रॉसच्या स्वयंसेविका निळ्या पोशाखात, पांढऱ्या ॲप्रनच्या छातीवर लाल क्रूस लावून. जुन्या प्लेटवर हे सर्व उतरताना निळा पोशाख पांढऱ्याजवळ जातो, लाल क्रूस काळा होतो, लाल काठ शोकाच्या काळ्या फितीसारखा दिसतो, आणि संपूर्ण लाल केप संपूर्ण काळी येते. ब्रिटिश जखमींना इस्पितळात निळे कपडे आणि लाल टाय देत असत. त्यांच्या समूहचित्रांत सगळे जण फिक्या कपड्यांत काळा टाय बांधून अंत्ययात्रेला निघाल्यासारखे दिसतात ते यामुळेच. आप्पांच्या चित्रातली केप काठापासून काठापर्यंत एकसारखी काळी होती, म्हणजे ती संपूर्ण लाल होती, आणि तिचा थंडीशी काही संबंध नव्हता.

मग मी जमिनीकडे पाहिले आणि मला खरोखर लाज वाटली. खुर्चीच्या पायांच्या सावल्या पायांलगत, अगदी आखूड पडलेल्या होत्या. फेट्याची सावली त्या तरुणाच्या डोळ्यांवर नव्हती, थेट हनुवटीवर उतरली होती. सूर्य माथ्यावर होता. ब्रायटन जवळजवळ ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्ताच्या पलीकडे सूर्य कधीही माथ्यावर येत नाही, हे मी चौतीस वर्षे पाचवी ते दहावीच्या मुलांना शिकवले, पृथ्वीचा गोल हातात धरून, बॅटरीचा झोत टाकून शिकवले. जूनमधल्या भर दुपारीही ब्रायटनच्या माणसाची सावली त्याच्या निम्म्या उंचीएवढी तरी पडते. कमानीच्या वर, चित्राच्या अगदी कडेला, मंगलोरी कौलांची एक ओळ होती. कमानीच्या एका बाजूला गुंडाळलेली बांबूची चिक होती, जशी आमच्याकडे वैशाखात प्रत्येक ओट्याला असते. हे सर्व पहिल्या दिवशीही तिथेच होते. मी फक्त कमान पाहिली होती.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशीच आठवायला हवी होती. ब्रायटनच्या इस्पितळांत गोऱ्या परिचारिका हिंदी शिपायाच्या खुर्चीमागे अशा निवांत उभ्या राहतील हे १९१५ च्या उत्तरार्धात शक्यच राहिले नव्हते. त्या वर्षी एका इंग्रजी वृत्तपत्रात जखमी हिंदी सैनिकाशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेचे छायाचित्र छापून आले आणि युद्धखात्यात खळबळ उडाली. गोरी स्त्री आणि काळा शिपाई एका चौकटीत दिसणे साम्राज्याला धोक्याचे वाटले. हिंदी सैनिकांच्या इस्पितळांतून परिचारिका काढून घेण्याचे हुकूम निघाले, आणि जिथे त्या राहिल्या तिथे देखरेखीपुरत्याच राहिल्या. मलमपट्टी, अंग पुसणे, पाणी पाजणे ही कामे पुरुष परिचरांकडे गेली. एका छायाचित्राने एवढे घडवले. आप्पांच्या घरातल्या छायाचित्रात मात्र ती परिचारिका उभी आहे, तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, आणि त्या हाताची दोन बोटे शिपायाच्या खांद्याला टेकलेली आहेत. ठरवून ठेवलेली दिसत नाहीत. फोटोग्राफरने ‘हलू नका’ म्हटल्यावर माणूस आधारासाठी जसा जवळच्या वस्तूला हात लावतो, तशी ती टेकलेली आहेत.

त्या दोन बोटांवर मी फार वेळ रेंगाळलो.

तिच्या गळ्याशी केपच्या मधोमध एक बिल्ला होता. ब्रिटिश नियमित सेवेचा बिल्ला केपच्या उजव्या बाजूला लावलेला असतो आणि त्यात क्रूस असतो, राणी अलेक्झांड्रा डेन्मार्कची म्हणून डॅनिश पद्धतीचा. इथे बिल्ला गळ्याशी होता. स्कॅन मोठे करीत गेलो तसा तो फुटत गेला, ठिपक्यांचा ढीग झाला. मग मी वडिलांचे जुने भिंग काढले आणि मूळ छायाचित्र आणायला आप्पांना निरोप धाडला. कारण विचारू नका, एवढेच म्हणालो. मुलाच्या हाती त्यांनी ते पाठवले. खिडकीच्या उजेडात, श्वास रोखून पाहिल्यावर त्या तीन-चार मिलिमीटर जागेत अर्धवर्तुळात पसरलेली किरणे दिसली. उगवता सूर्य. हा ऑस्ट्रेलियन सैन्याचा बिल्ला, आणि ऑस्ट्रेलियन परिचारिकांचा पोशाखही राखाडी, केप लाल, डोक्यावर पांढरे वस्त्र. १९१६ च्या मध्यापासून ५०० हून अधिक ऑस्ट्रेलियन परिचारिका हिंदुस्थानात आल्या, मुंबई, पुणे, देवळालीच्या लष्करी इस्पितळांत राबल्या आणि युद्ध संपल्यावर १९१९ पर्यंत परत गेल्या. म्हणजे आप्पांचा आजा इंग्लंडला गेलाच नव्हता. चित्र हिंदुस्थानातले होते, आणि १९१५ चेही नव्हते.

आणि त्या परिचारिका इथे कशासाठी आल्या, याचे उत्तर आप्पांनी दारात उभे राहून मला दिलेलेच होते. बसरा. फ्रान्सला गेल्या त्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन. काही मराठी माणसे त्यांच्याबरोबरच्या पायोनियर आणि सॅपर, म्हणजे रस्ते-खंदक बांधणाऱ्या, पलटणींत होती हे खरे, पण मराठा पलटणींचा मोठा भाग सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरला. आप्पांचा ‘शेबा’ म्हणजे बसऱ्याजवळचे शैबा, जिथे १९१५ च्या एप्रिलमध्ये १२ ते १४ तारखांना लढाई झाली आणि ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तुर्कांच्या खंदकांवर चालून गेल्या. म्हाताऱ्याने एकही नाव मिसळले नव्हते. पुढच्या वर्षी, २९ एप्रिल १९१६ रोजी, तिथलेच वेढा पडलेले कुत-अल-अमारा पडले आणि सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांत १०३ आणि ११० क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या माणसाचे छायाचित्र त्यानंतरचे आहे, म्हणजे तो शैब्यातून वाचला, कुतच्या कैदेतूनही कसातरी सुटला, आणि तरी पुन्हा जखमी किंवा आजारी होऊन खुर्चीत बसला. घरच्यांनी एकच जखम जपली होती. त्याच्या वाट्याला दोन खेपा आल्या असाव्यात.

मेसोपोटेमियातल्या जखमींचे हाल वाचताना मला मध्येच पुस्तक मिटून ठेवावे लागले. बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईनंतर, १९१५ च्या अखेरीस, जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीकाठी आणले आणि तराफ्यांवर, बोटींवर ओतले. हगवणीने बेजार झालेली, हाडे मोडलेली माणसे उघड्या डेकवर तेरा दिवस पडून होती. बसऱ्याला ‘मेजिदिए’ नावाची बोट आली तेव्हा मेजर कार्टर या डॉक्टरांना दुरून वाटले, की तिच्या बाजूंवरून दोऱ्या लोंबत आहेत. जवळ आल्यावर कळले की ती वाळलेली विष्ठा होती. त्यांनी हे वर कळवले तर वरिष्ठांनी अटकेची धमकी दिली. शेवटी चौकशी झाली, आणि १९१७ साली मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल छापला गेला तेव्हा इंग्लंडातही लोक हादरले. ब्रायटनची झुंबरे आणि ही बोट एकाच वर्षातली आहेत. पोस्टकार्डे झुंबरांची निघाली. शंभर वर्षांनी अमळनेरच्या एका खोलीत बसून मीही, कळत नकळत, तेच पोस्टकार्ड पुढे विकले होते, आणि बसऱ्याहून आलेल्या माणसाला पुन्हा झुंबराखाली बसवले होते. फलक पाहिला त्या दिवशी मला सर्वांत जास्त लागले ते हेच.

बसऱ्याहून इस्पितळबोटी मुंबईला लागत. मुंबईत जागा पुरेना म्हणून मोठमोठ्या इमारतींत खाटा घातल्या. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारतही तयार होताच वस्तुसंग्रहालयाऐवजी लष्करी इस्पितळ झाली आणि लोकांसाठी खुली व्हायला १९२२ साल उजाडले. शाळेच्या सहलींना मी किती वेळा मुलांना तिथल्या घुमटाखाली रांगेत उभे केले असेल. मुंबईहून पुढे आगगाडीने देवळाली. तिथे ३४ वे वेल्श जनरल हॉस्पिटल होते, आणि ऑस्ट्रेलियन परिचारिकांच्या पत्त्यांत देवळालीचे नाव वारंवार येते. भुसावळ-मुंबई प्रवासात आम्ही खानदेशी लोक चाळीसगाव, मनमाड, नाशिक मागे टाकून देवळालीवरून कितीदा गेलो, डबा उघडायची वेळ झाली का एवढेच पाहत. या तरुणाचे गाव त्या खुर्चीपासून फार तर एका दिवसाच्या प्रवासावर होते. घरून कोणी भेटायला गेले असेल का? भाकरी, ठेचा, शेंगांची चटणी असे फडक्यात बांधून बाप फाटकाशी उभा राहिला असेल का? आप्पांकडे अशी आठवण नाही.

कौलांचा प्रकार, कमानीची रुंदी, खांबाचा तळ हे सर्व मी देवळाली आणि पुण्याच्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले. देवळालीच्या बाजूने मन झुकते, पण झुकलेल्या मनाने काय होते ते मी एकदा भोगले आहे, म्हणून इस्पितळाचे नाव मी कुठेही लिहिलेले नाही. या काळात धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात दोनदा जाऊन बसलो. छायाचित्राशी तिथल्या कागदांचा काही संबंध नव्हता. गावोगाव हिंडून, अडगळीतली दप्तरे उघडून, अस्सल कागद हाती येईपर्यंत कोणाच्याही सांगण्यावर न विसंबणारा माणूस १९२६ च्या शेवटच्या दिवशी ज्या गावात वारला त्या गावात थोडा वेळ बसावे, एवढेच मनात होते. कागदाला त्याने जेवढे मानले त्याच्या शतांशानेही मी त्या पोस्टकार्डाला मानले नव्हते, आणि ज्यांच्या घरातून ते आले त्यांच्या शब्दाला तर मुळीच नाही.

मग उरला आप्पांचा मूळ प्रश्न, बाई कोण. इथे एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धातल्या परिचारिकांची सेवापुस्तिका कोणालाही घरबसल्या पाहता येते. जन्मगाव, वय, जवळचा नातलग, कोणत्या बोटीने निघाली, कुठे आजारी पडली, सर्व काही. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत, १९१६ च्या ऑगस्टमध्ये, पटकीने गेलेल्या एमी ओग्रेडी आणि कॅथलीन पॉवर यांची नावे खडकीच्या युद्धस्मारकावर कोरलेली आहेत. इतक्या दूरवरून आलेल्या, महिनाभरही न टिकलेल्या त्या दोघींची नावे आपल्याला उच्चारता येतात. आपल्या शिपायांचे तसे नाही. पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि अलीकडे लोकांपुढे आल्या, पण तसे भाग्य सगळ्या प्रांतांना लाभले नाही. पुष्कळ गावांच्या वेशींवर सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत, ‘या गावातून महायुद्धात इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले’, त्यांत नुसते आकडे. म्हणजे त्या छायाचित्रात जिची नोंद कुठेतरी जपलेली आहे तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि ज्याची नोंद कोणी जपली नाही त्याचे नाव एका निवृत्त गटसचिवाला पाठ आहे. समुद्रापलीकडे एखाद्या घरात, अल्बमच्या काळ्या पानावर, हेच चित्र चिकटवलेले असेल आणि त्याखाली तिच्या नातवंडांनी लिहिले असेल, आजी आणि एक हिंदी पेशंट.

गणपती बसण्याआधी एका सकाळी मी आप्पांच्या गावी गेलो. फलक अजून होता, पावसाने एका कोपऱ्याची शाई ओघळली होती. आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. चहा येण्याआधीच मी सांगून टाकले, की मी चुकलो, ते इंग्लंड नाही, राजवाडा नाही, तुमचे आजोबा बसरा म्हणत होते ते बरोबर होते, शेबाही बरोबर होते. सर्व पुरावे मी सोबत नेले होते, मोठे करून काढलेले बिल्ल्याचे चित्र, सावल्यांवर मारलेल्या रेघा. आप्पांनी त्यांपैकी काहीच हातात घेतले नाही. शेंगा फोडायचे थांबवून ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मला वाटले, त्यांना वाईट वाटले. गावात त्यांची जी मान उंचावली होती ती मी खाली आणली, असे मला वाटले, आणि पुढे काय बोलावे ते सुचेना.

“आजा खोटं बोलत नव्हता,” ते शेवटी म्हणाले. आवाज भरून आला होता. “मन्हा बाप त्याले हसे. बसरा बसरा काय करस, म्हने.” मग काकूंना हाक मारून त्यांनी आतून छायाचित्र मागवले. काकूंनी ते देव्हाऱ्याजवळून आणले. काचेवर दोघांच्याही कपाळांशी कुंकवाचे बोट टेकवलेले होते, शिपायाच्या आणि त्या बाईच्याही. लाल कुंकू. काकू जरा संकोचून म्हणाल्या, कोन्ही का ऱ्हास ना, आमना मानुसले पानी ते दिन्हं तिनी. मी काही बोलू शकलो नाही.

फलक उतरवायला आप्पांनी त्याच वेळी मुलाला पिटाळले. मग तसबिरीच्या मागचे खिळे काढायला सांगितले, आणि पोस्टकार्ड बाहेर आल्यावर म्हणाले, आता याच्यामागे लिहून ठेवू. मी खिशातून मऊ शिसपेन्सिल काढून दिली, कारण शाई कागदातून पुढे उतरते. शंभर वर्षे कोऱ्या राहिलेल्या त्या जागेवर, उभ्या रेघेच्या डावीकडे, आप्पांनी सोसायटीच्या खतावणीतल्या त्यांच्या गोल, टपोऱ्या अक्षरांत आजोबांचे पूर्ण नाव लिहिले. खाली गाव, तालुका. खाली ‘लढाई बसरा, शेबा’. पेन्सिल उचलून त्यांनी मला विचारले, “आनि बाईनं?”

मी मान हलवली. आप्पांनी थोडा विचार केला, रेघेच्या उजवीकडे आले, आणि जसे ते तीस वर्षे प्रत्येक खात्याच्या तळाशी लिहीत आले होते तसे सावकाश लिहिले, ‘बाईचे नाव येणे बाकी.’